जबड्यात आणि कोपरात एकाच नावाचं हाड? काय आहे 'कोरोनॉइड प्रोसेस'?

दातांवर दात घट्ट दाबा आणि कानशिलावर बोटं ठेवा. काहीतरी टणक फुगल्यासारखं जाणवलं? तो टेम्पोरॅलिस स्नायू. त्याचं खालचं टोक जबड्याच्या हाडाला असलेल्या एका टोकदार उंचवट्याला जोडलेलं असतं. त्याचं नाव कोरोनॉइड प्रोसेस. गंमत म्हणजे, याच नावाचा उंचवटा तुमच्या कोपरातही आहे!

नाव कुठून आलं?

'कोरोने' या ग्रीक शब्दाचा अर्थ कावळा. हा उंचवटा कावळ्याच्या चोचीसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

जबड्यात काम काय?

खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना वर जाणारी दोन टोकं असतात. मागचं टोक कानाजवळ कवटीशी सांधा बनवतं. पुढचं टोक म्हणजे कोरोनॉइड. टेम्पोरॅलिस आकसला की तो हे टोक वर खेचतो आणि तोंड मिटतं. हा उंचवटा प्रमाणाबाहेर वाढला, तर गालाच्या हाडाला अडतो आणि तोंड पूर्ण उघडत नाही.

कोपरात काय होतं?

हाताच्या करंगळीकडच्या हाडाला, म्हणजे अल्नाला, वरच्या बाजूला दोन उंचवटे असतात. पुढे कोरोनॉइड, मागे ऑलेक्रेनॉन. टेबलावर कोपर टेकवल्यावर जे टोक टेकतं, ते ऑलेक्रेनॉन. या दोघांच्या खोबणीत दंडाचं हाड पान्यात नट बसावा तसं बसतं. हात सरळ केला की ऑलेक्रेनॉन दंडाच्या हाडातल्या खळग्यात जाऊन अडतं, म्हणून कोपर उलटं वाकत नाही. कोरोनॉइड अल्नाला मागे सरकू देत नाही.

मग कोपर आपटल्यावर झिणझिण्या का येतात? त्याला या दोघांपैकी कुणीच जबाबदार नाही. कोपराच्या आतल्या बाजूने त्वचेखालून जाणारी अल्नर नस दाबली जाते, म्हणून.

हे लक्षात ठेवा

पडताना आपण हात टेकवतो. त्यात कोपर निखळलं, तर कोरोनॉइडचा तुकडाही मोडू शकतो. तुकडा छोटा असला तरी सांध्याचा आधार जाऊ शकतो. अशा वेळी हात ओढून 'बसवू' नका, तेल लावून चोळूही नका. जोरात मालिश केल्याने स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडू शकतं. हात आहे त्या स्थितीत झोळीत ठेवा आणि एक्स-रे काढून घ्या.

मालिशचा आग्रह करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार करा. तेवढ्यासाठी तरी कोपर शाबूत हवं!