निसिन : एका द्रव्याचे नाव व त्याचा इतिहास

एखाद्या द्रव्याचा इतिहास लिहिताना त्याच्या शोधाचे एकच वर्ष निश्चित करण्याचा मोह होतो. दुग्धपदार्थ टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निसिन या जंतुनिर्मित प्रथिनद्रव्याच्या बाबतीत हा मोह आवरणे अगत्याचे आहे. कारण ते प्रथम नजरेस आले ते गुण म्हणून नव्हे, तर दोष म्हणून.

१९२८ मध्ये अमेरिकेत रॉजर्स व व्हिटियर यांना असे आढळले की, दूध आंबविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस या जंतूच्या काही वाणांमुळे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या दुसऱ्या जंतूची वाढ खुंटते. १९३३ मध्ये न्यूझीलंडमधील व्हाइटहेड यांच्यापुढे हाच प्रश्न चीजच्या निर्मितीतून उभा राहिला. काही दुधात विरजण मंदावे व आम्लता वाढत नसे. दुधातीलच काही जंतू विरजणास मारक असे प्रथिनसदृश द्रव्य निर्माण करतात, हे त्यांनी दाखविले. चीज करणाऱ्याच्या लेखी मात्र हा केवळ उपद्रव होता.

नाव मिळाले ते इंग्लंडमध्ये. मॅटिक व हर्श यांनी १९४४ मध्ये या द्रव्याच्या प्रतिबंधक शक्तीचे वर्णन केले आणि १९४७ मध्ये त्यास ‘निसिन’ म्हटले. लॅन्सफील्ड यांच्या वर्गीकरणपद्धतीत हे जंतू ‘एन्’ गटात येतात. त्या गटाचे अक्षर, ‘प्रतिबंधक द्रव्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ‘आय्’ व ‘एस्’ ही आद्याक्षरे आणि पेनिसिलिनच्या नावातही दिसणारा ‘इन्’ हा प्रत्यय, अशी या शब्दाची घडण आहे. या नावाने एक उपद्रव प्रतिजैविकांच्या पंक्तीस बसला. १९४९ मध्ये गाईंच्या स्तनदाहावर त्याचे प्रयोगही झाले. परंतु उदासीन द्रवात ते फारसे विरघळत नाही आणि पाचकरसांनी त्याचे विघटन होते; त्यामुळे औषध म्हणून ते मागे पडले.

औषधातील हे वैगुण्य अन्नात गुण ठरले. पोटात पचून जाणारे आणि आम्ल पदार्थात टिकणारे द्रव्य संरक्षक म्हणून सोयीचे होते. १९५१ मध्ये हर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी निसिन निर्माण करणारे विरजण वापरून चीजमध्ये वायू उत्पन्न करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंना आळा घातला. १९६९ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने अन्नातील त्याच्या वापरास मान्यता दिली.

त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ग्रॅम-ऋण जंतूंचे बाह्य आवरण निसिनला सहसा आत शिरू देत नाही. म्हणून थंड साठविलेले कच्चे दूध नासविणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंवर त्याची मात्रा चालत नाही. स्वच्छता व उष्णोपचार यांस ते पूरक आहे, पर्याय नव्हे.

१९८५ मध्ये मूळ जंतूचे नाव बदलून लॅक्टोकॉकस लॅक्टिस झाले. निसिनमधील ‘एन्’ मात्र जुन्या वर्गीकरणाची खूण म्हणून राहिला. १९२८, १९३३ व १९४४ यांपैकी कोणतेही एक वर्ष शोधाचे मानल्यास उरलेल्यांवर अन्याय होतो. द्रव्य तेच होते. त्याला विचारलेला प्रश्न तेवढा बदलत गेला.