धावपट्टी, युरिया आणि चीन

आमच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. तेव्हा अमोनियाचे कारखाने दारूगोळ्यासाठी राबत होते. लढाई सरली अन् तेच नत्र शेतात आलं. आपला सिंदरीचा सरकारी खत कारखाना 1951 चा. चीननं 1970 च्या दशकात परदेशातून मोठे कारखाने घेतले आणि हेक्टरी नत्रात आपल्याला मागं टाकलं.

2020 च्या जागतिक हिशेबात मानवी कारणांनी निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडमध्ये चीन पहिला, आपण दुसरे. हा वायू शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो.

2015 मध्ये चीननं ठरवलं, 2020 पर्यंत खताचा वापर वाढू द्यायचा नाही. त्याच वर्षी आपल्याकडं सगळा युरिया नीमलेपित झाला. म्हणजे त्यांनी मात्रा धरली, आपण दाणा बदलला.

भरल्या बांधीत हा वायू कमी निघतो (तिथं मिथेन जास्त). बांधी सुकून परत भरली की मात्र युरिया हवेत. पैसाही. मी आधी रोवणीनंतर सगळा एकदम फेकायचो. धान लोळायचा, तुडतुडे यायचे. आता तीन हप्ते. यंदा एका बांधीत अर्धं पोतं कमी टाकलंय. शेजारी हसतात. कापणीला दोन्हीकडचं वजन इथंच टाकतो.