पुस्तक नको, उत्तर हवं होतं

सोनाळ्याहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतोय.

आमच्यातली एक ताई वाचनालयात गेली, "कायद्याचं पुस्तक द्या" म्हणाली. जाडजूड पुस्तक मिळालं, ते चाळून ती तशीच परतली. दुसऱ्या खेपेला आम्ही सोबत गेलो. ग्रंथपालांनी विचारलं, "नेमकं काय पाहिजे?" मग ती बोलली. भावानं हक्कसोडपत्र सहीला आणलं होतं.

या विचारण्यालाच संदर्भसेवा म्हणतात. वाचकाशी बोला, त्याची गरज ओळखा, हे १८७६ साली अमेरिकेतल्या वुस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी मांडलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहूनच बॉर्डन यांना बडोद्याला आणलं, तिथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव निघाल्या. आपल्या महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. (एवढ्या वर्षांत आपण बाया तिथं किती गेलो, ते सोडा!)

ग्रंथपालांनी निकाल सांगितला नाही, ते त्यांचं कामही नाही. त्यांनी १९५६ चा हिंदू वारसा कायदा काढला, २००५ च्या दुरुस्तीचं पान उघडलं: वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. आणि विधी सेवा समितीत बाईला वकील मोफत मिळतो, हेही सांगितलं.

ताईनं सही अजून केलेली नाही.