विस्कळीत उजेडाची वंशावळ

भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिचं टॅपिंग ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना तो उजेड वेगळा सांगायला नको. भट्टीच्या बुडाशी मातीनं बुजवलेलं भोक ड्रिलनं उघडतात आणि दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं लोखंड नाल्यातून धो धो वाहू लागतं. डोळ्यांवर निळी काच नसेल तर टक लावून पाहवत नाही. भौतिकीच्या हिशेबात मात्र हा उजेड अगदी बेशिस्त. असंख्य अणू, प्रत्येक जण वाटेल तेव्हा, वाटेल त्या दिशेला लहर सोडणार. एका लहरीच्या चढउताराचा शेजारच्या लहरीशी काही मेळ नाही. लहरींच्या अशा मेळाला कोहिरन्स म्हणतात, पुस्तकी मराठीत कलासंगती. भट्टीच्या तोंडाशी ती शोधूनही सापडायची नाही.

गंमत अशी की क्वांटमचा जन्म याच बेशिस्त उजेडातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या सरकारी मोजमाप संस्थेत तापलेल्या पोकळीतून येणारा प्रकाश काटेकोर मोजत होते, कारण जर्मनीच्या दिवे बनवणाऱ्या उद्योगाला एक पक्कं प्रमाण हवं होतं. ७ ऑक्टोबर १९०० रोजी हाइनरिख रुबेन्स यांनी नवे आकडे माक्स प्लांक यांच्या कानावर घातले. त्याच महिन्यात प्लांक यांनी सूत्र मांडलं आणि १४ डिसेंबरला त्यामागची उपपत्ती. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतल्या होलबॉर्न आणि कुर्लबाउम यांनी भट्ट्यांसाठी एक पायरोमीटर बनवला. दुर्बिणीतून तापलेल्या लोखंडाकडे बघायचं. त्या लाल दृश्यावर दिव्याची बारीक तार दिसते. विजेचा प्रवाह कमीजास्त करत न्यायचा. तार आणि लोखंड सारखेच उजळले की तार दिसेनाशी होते, आणि त्या क्षणीचा प्रवाह तापमान सांगतो. उजेडात संगती नसली तरी त्याच्या रंगाला कायदा आहे, हे त्या दिसेनाशा तारेइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

मग संगती कुठून आली? अलीकडे क्वांटम कोहिरन्स आणि क्वांटम सहसंबंध यांच्या नात्यावर इतके शोधनिबंध निघालेत की हे नातं २०१५च्या आसपास कुणाला तरी सापडलं असं वाटावं. मला ही नवी सोयरीक वाटत नाही. वाटण्या झालेल्या दोन भावांनी सातबारा पुन्हा एकाच नावावर करावा, तसा हा प्रकार आहे. त्याचा फेरफार जुना आहे.

टॉमस यंगपासून सुरुवात करण्याचा रिवाज आहे, तो पाळतो. १८०३ साली त्यानं खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडलं, आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेत एक तीसांश इंच रुंदीची कागदी पट्टी धरली आणि दोन बाजूंनी वळून आलेल्या प्रकाशाचे पट्टे पाहिले. पट्टे पाहून सगळे थांबतात; खरी मेख त्या भोकात होती. भोक मोठं केलं की पट्टे पुसले जातात. किती मोठं चालेल, याचा हिशेब फ्रान्सच्या एमिल व्हेर्दे यांनी १८६५च्या सुमारास केला: सूर्यप्रकाशात साधारण एक विसांश मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातले बिंदू एकमेकांशी संगती राखून असतात. म्हणजे ऊनही पूर्ण बेशिस्त नाही. मायकेलसननं पट्ट्यांचा ठळकपणा आकड्यात मोजला, आणि १९२० साली माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर २० फूट लांबीची तुळई बसवून काक्षी ताऱ्याचा व्यास काढला.

१९३८ साली फ्रित्स झेर्निके यांनी या साऱ्याला नेमकी व्याख्या दिली. प्रकाशातले दोन बिंदू घ्या, तिथल्या कंपनांचा गुणाकार करून सरासरी काढा. शून्य आली तर संगती नाही, पूर्ण एक आली तर पक्की. व्याख्या पुन्हा वाचा. ही कोहिरन्सची व्याख्या आहे, आणि ती सहसंबंधाचीही आहे. त्याआधी चार वर्षं व्हान सिटर्ट यांनी आणि मग झेर्निके यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: उगम कितीही विस्कळीत असो, त्याचा प्रकाश दूर गेला की त्यात संगती येते. यात जादू नाही. दुरून पाहिल्यावर शेजारशेजारच्या दोन बिंदूंना उगमाचा प्रत्येक कोपरा जवळपास सारख्याच अंतरावर असतो. दोघांच्या वाट्याला तोच कल्लोळ येतो, आणि तोच कल्लोळ दोन्हीकडे म्हणजे मेळ आलाच.

याचं चालतं उदाहरण नारायणगावजवळ खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, काही एकत्र, बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येकीचा संदेश ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथला कोरिलेटर दर दोघींचे संदेश गुणून सरासरी काढतो; अशा जोड्या होतात ४३५. आकाशाचा फोटो म्हणून जे छापून येतं ते या सरासऱ्यांवरून गणितानं उभं केलेलं चित्र असतं. झेर्निकेची व्याख्या द्राक्षबागांच्या शेजारी चोवीस तास राबते आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसत्या तबकड्या दिसतात.

पुढचं वळण घेतलं ते निलगिरीतल्या अरुवनकाडूत जन्मलेल्या रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी. १९५६ साली त्यांनी आणि रिचर्ड ट्विस यांनी लहरींऐवजी दोन ठिकाणच्या नुसत्या तेजस्वितेच्या चढउतारांची तुलना केली. सर्चलाइटचे दोन जुने आरसे घेऊन त्यांनी व्याधाचा व्यास मोजला. भौतिकशास्त्रज्ञ चिडले: दोन स्वतंत्र फोटॉन एकमेकांची खबर ठेवून येतात असं मानायचं? पण तापलेल्या वस्तूचे फोटॉन खरंच गठ्ठ्यानं येतात. पट्ट्यांच्या कसोटीवर चाळून घेतलेला दिव्याचा प्रकाश आणि लेझर सारखेच उतरू शकतात. फरक कळतो तो दोन डिटेक्टरांच्या नोंदी जुळवल्यावर, कारण लेझरचे फोटॉन गठ्ठे करत नाहीत.

हा फरक पचवणारी भाषा १९६३ साली आली. रॉय ग्लाउबर यांनी संगतीची पायरीपायरीनं व्याख्या केली: दोन बिंदूंचा सहसंबंध, मग चारांचा, मग सहांचा. सगळ्या पायऱ्यांवर टिकते ती पूर्ण संगती. त्याच वर्षी ई. सी. जी. सुदर्शन यांनी कोणत्याही प्रकाशस्थितीला लेझरसारख्या सुसंगत स्थितींच्या मिश्रणासारखं लिहिता येतं हे दाखवलं. कोट्टायमजवळच्या पल्लमचे सुदर्शन १९५२ ते १९५५ मुंबईत टीआयएफआरला होते. २००५च्या नोबेलचा अर्धा वाटा ग्लाउबर यांना मिळाला, सुदर्शन यांना काहीच नाही. त्यांनी जाहीर हरकत घेतली. समितीचं काय चुकलं याची चर्चा करणाऱ्यांनी दोघांचे निबंध समोर ठेवावेत. सुदर्शन यांच्या सूत्रातलं ‘मिश्रण’ कधीकधी ऋण प्रमाणात येतं, आणि जिथे ते ऋण होतं तिथे प्रकाशाला साध्या लहरींचा हिशेब पुरत नाही. पुढच्या साऱ्या क्वांटम प्रकाशशास्त्राचा उंबरठा हाच.

इथवर घर एकत्र होतं. वाटणी खरं तर १९३५ सालीच झाली होती, फक्त सहसंबंध या दुसऱ्या भावाकडे प्रकाशशास्त्रानं फारसं पाहिलं नव्हतं. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा निबंध आला आणि श्रोडिंगर यांनी त्यावर लिहिलं की दोन कण गुंतले की जोडीची पूर्ण माहिती असूनही एकेकट्याची नसते. १९६४ साली जॉन बेल यांनी कसोटी दिली. १९७२ साली फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंमधून निघणाऱ्या फोटॉन-जोड्यांवर ती लावली. यातली संगती कुठे आहे ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जोडीतले दोन्ही फोटॉन उभ्या ध्रुवीकरणाचे, किंवा दोन्ही आडव्या. या दोन शक्यता एकमेकींत ठरलेल्या कलेनं, म्हणजे फेजनं, मिसळलेल्या. एकाच फोटॉनासमोर पोलरॉइड धरा, कसाही फिरवा: निम्मे पार, निम्मे अडतात. संगतीचा मागमूस नाही. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून एकाच वेळी पार झालेल्यांची मोजदाद केली की आकडा चढउतार करू लागतो. उभ्या-आडव्या दिशेतला मेळ आधीच ठरवून पाठवलेल्या साध्या फोटॉनांनाही साधतो. पोलरॉइड ४५ अंशांवर तिरके केल्यावरही मेळ टिकला, तर दोन शक्यतांमधली कला शाबूत आहे असं समजायचं. सहसंबंधाला क्वांटम बनवणारी वस्तू ही कलाच. ती एकेकट्या फोटॉनात नसते, जोडीत असते.

उलट वाटही याच रस्त्यानं जाते. १९७० साली डीटर झे यांनी आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वोइचेख झुरेक यांनी सांगितलं की एखाद्या वस्तूची संगती नष्ट होते म्हणजे ती भोवतालाशी गुंतते. संगती हवेत विरत नाही, ती सहसंबंध होऊन भोवतालात पसरते आणि परत गोळा करणं हाताबाहेर जातं.

मराठी मुलखातल्या दोन कामांचा उल्लेख इथे करायलाच हवा. एम.एस्सी. भौतिकी केलेल्यांना ‘राणा आणि जोग’ हे अभिजात यामिकीचं पुस्तक ठाऊक असतं. त्यातले प्रमोद जोग पुणे विद्यापीठात होते, आणि त्यांनी अली सैफ हसन आणि बहजाद लारी यांच्यासह २०१२ साली डिस्कॉर्डच्या भूमितीय मापाची नेमकी खालची मर्यादा काढली. डिस्कॉर्ड म्हणजे गुंतागुंत नसलेल्या जोडीतही उरणारा क्वांटम सहसंबंध. २००१ साली ऑलिव्हिए-झुरेक आणि हेंडरसन-वेद्राल यांनी तो वेगवेगळा हुडकला. त्याच्या भूमितीय मापात पुढे दोष निघाला: न मोजलेल्या बाजूला नुसता एक अलिप्त कण जोडला किंवा काढून टाकला तरी आकडा बदलतो. तरी मर्यादेचं गणित गणित म्हणून उभं आहे, आणि भौतिकी शिकवणाऱ्यानं केलेलं ते काम वाचायला निर्मळ आहे.

दुसरं काम प्रयोगाचं. २०११ साली कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विक्रम आठल्ये यांनी पुण्याच्याच आयसरमधले सौम्य सिंघ रॉय आणि टी. एस. महेश यांच्यासह लेगेट-गर्ग असमिका तपासली. बेलची कसोटी दोन ठिकाणांमधला मेळ पाहते, ही दोन वेळांमधला. चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी फिरणारी अणुकेंद्रं आत्ता जी दिशा दाखवतात तिचा क्षणभरानंतरच्या दिशेशी संबंध किती? थोडा वेळ असमिका मोडली, म्हणजे क्वांटम वागणूक दिसली. संगती ढळत गेली तशी ती पाळली जाऊ लागली. संगतीचं आयुष्य आणि सहसंबंधाचं आयुष्य एकाच आलेखावर दिसलं.

ज्या भिलाईच्या भट्टीपासून सुरुवात केली, तिथे आयआयटी आली २०१६ साली, आधी रायपूरच्या सेजबहारला भाड्याच्या बिऱ्हाडात बसावं तशी, मग दुर्ग जिल्ह्यातल्या कुटेलाभाठ्याला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी कायम परिसराचं लोकार्पण झालं. स्टील प्लांटची पिढी भट्टीच्या उजेडावर जगली, आता त्याच गावात मुलं लहरींचा मेळ शिकतात. आयआयटी येण्याच्या आसपासच सातबारा एक होण्याचं काम झालं. २०१४ साली बाउमग्राट्झ, क्रेमर आणि प्लेनिओ यांनी कोहिरन्सला गुंतागुंतीसारखाच मोजता-खर्चता येणारा माल मानून त्याच्या मापाच्या अटी ठरवल्या. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर स्ट्रेल्त्सोव्ह आणि जेरार्दो अडेसो यांच्यासह अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतले उत्तम सिंह, हिमाद्री शेखर धर आणि मानवेंद्रनाथ बेरा यांनी दाखवलं की स्वतः संगती न घालणाऱ्या क्रियांनी एका कणातली संगती दोन कणांच्या गुंतागुंतीत बदलता येते, आणि जास्तीत जास्त किती गुंतागुंत मिळेल ते मुळातल्या संगतीवरूनच ठरतं.

एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. संगती तुम्ही कोणत्या दिशेला शून्य मानता त्यावर अवलंबून. उभ्या-आडव्यात पाहिलं तर आहे, तिरक्यात पाहिलं तर नाही. सहसंबंधाला असं काही चालत नाही. २०१५ साली यावरही उत्तर आलं: दोन्ही बाजूंच्या दिशा हव्या तशा फिरवा, संगती कमीत कमी करा, आणि तरी जी शिल्लक राहते ती डिस्कॉर्डच. कशीही मापणी केली तरी जाईना अशी संगती म्हणजे क्वांटम सहसंबंध. हे मला सगळ्या मापांपेक्षा जास्त पटतं.

व्यवहारात संगतीची गुंतागुंतीशी ही अदलाबदल रोज होते. डीआरडीओची पुण्यातली तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी २०२४ साली ६ क्यूबिटांच्या, म्हणजे क्वांटम बिटांच्या, अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी मुंबईत पूर्ण केली. अशा यंत्रात दोन क्यूबिट गुंतवायचे तर आधी पहिल्याला मायक्रोवेव्हची एक चिमूट देऊन शून्य आणि एकच्या मधोमध आणतात, ही संगती. मग सीनॉट नावाची क्रिया, जी नुसती खाती अदलून देते, स्वतः संगती घालत नाही. पहिल्याची संगती दोघांच्या गुंतागुंतीत गेली. चिप निरपेक्ष शून्याच्या साधारण दहा ते वीस सहस्रांश अंश वर ठेवलेली असते, आणि पहिली पायरी ते दुसरी पायरी यांत फार वेळ गेला तर गुंतवायला काही उरत नाही. म्हणून अभियंते क्यूबिटांची संख्या सांगण्याआधी एकमेकांना विचारतात: टी-टू, म्हणजे संगती टिकण्याचा वेळ, किती मिळाला?