पेशीपासून पेशी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे आज शाळेतले पोरही सांगते. यांतले दुसरे वाक्य कोणाच्या कष्टाने मिळाले आणि कोणाच्या नावावर गाजले, हा माझा विषय. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. युनियनच्या कचेरीत रात्री जे वाचले, त्या बळावर बोलतो.

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रजाने बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना 'खोली' या अर्थाचे नाव दिले. त्या खोल्या रिकाम्या, मेलेल्या होत्या. पाण्याच्या थेंबातले जिवंत जग दाखवले ते डेल्फ्टच्या लेवेनहुकने. हा कापडाचा व्यापारी. त्याला लॅटिन येत नव्हते. स्वतः घासलेल्या भिंगातून पाहावे आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेत पत्र धाडावे, असे त्याने पन्नास वर्षे केले. अशा माणसाकडे माझा ओढा अंमळ जास्तच आहे. असो.

पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान या जर्मनांनी झाडे आणि प्राणी दोन्ही पेशींचीच, असे मांडले. पण पेशी येते कोठून? पाकात खडीसाखर धरते तशी ती द्रवातून जमते, असे त्यांचे मत.

बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाकला हे पटेना. १८४१ साली कोंबडीच्या गर्भातील रक्तपेशी दुभंगताना त्याने पाहिल्या होत्या. पुढे बेडकाची अंडी तपासली, आणि १८५२ साली त्याने जाहीर केले की नवी पेशी जुनीच्या विभाजनानेच होते; रोगट गाठीतसुद्धा. गोष्ट साधी नव्हे. माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते; तिची जागा भरायला हाडांच्या मगजातील पेशी सारख्या दुभंगत असतात. तिथे काम थांबले की माणूस संपला.

रेमाक ज्यू होता. प्रशियात प्राध्यापक व्हायचे तर बाप्तिस्मा घ्यावा लागे. तो त्याने घेतला नाही. १८४७ साली शिकवण्याची परवानगी मिळाली, पगार नाही. पोटासाठी तो रोगी तपासत असे.

१८५५ साली रुडोल्फ विर्खोने तेच सूत्र मांडले, रेमाकचे नाव न घेता. विर्खो हलका माणूस नव्हे. १८४८ साली सायलेशियातील टायफसची साथ पाहून, शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता हेच तिचे औषध, असे त्याने सरकारला ऐकवले होते. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, ही त्याची शिकवण वैद्यकाला वळण देणारी ठरली. पण गरिबांच्या बाजूने उभा राहणारा पुढारीही दुसऱ्याचा ठराव आपल्या नावावर खपवतो, हे आमच्या चळवळीत मी पाहिले आहे. रेमाकने पत्र लिहून त्याच्याकडे तक्रार केली.

१८५६ साली विर्खो बर्लिनला प्राध्यापक म्हणून परतला. रेमाकला १८५९ साली मिळाली ती दुय्यम जागा. १८६५ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो त्याच जागेवर असताना वारला.