पाणाड्याचा नारळ

माण-खटाव घ्या की जत-आटपाडी, विहीर पाडायची म्हटली की आधी पाणाड्याला बोलावणे जाते. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून रान पालथे घालतो. नारळ उभा राहिला की तेथे खुणेचा दगड. कोणी बेचक्याची फांदी धरतो. जन्मतः पायाळू असेल त्याला तर भुईखालचे दिसतेच, असा समज.

ही आपली प्राचीन विद्या, असे अभिमानाने सांगतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजलावर ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे खरा. परंतु त्याचा भर झाडे, वारुळे, माती आणि खडक यांवर. ते ठोकताळे सगळेच खरे नसतील, तरी उघड्या डोळ्यांनी तपासता येतात. बेचक्याची फांदी भेटते ती अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या खाणविद्येच्या ग्रंथात. तेथे जर्मन खाणकामगार तिने धातूच्या शिरा शोधीत. आणि जाणत्या खाणवाल्याला तिची गरज नाही, असे तोच बजावतो!

मग हातातली वस्तू हलते कशी? शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली दाखवून दिले की, मनातली अपेक्षा नकळत हाताच्या स्नायूंत उतरते; डोळे बांधताच हातातला लंबक हलेनासा होतो. म्हणजे पाणाड्या लबाडच असतो, असे नव्हे. १९९० साली जर्मनीत कासेल येथे तीस जणांची परीक्षा झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहते की नाही, एवढेच ओळखायचे. अटी सर्वांना आधी मान्य होत्या (आम्ही कामगार चळवळीतली माणसे याला करार म्हणतो). निकाल छापा-काट्याइतकाच लागला.

आपला कातळ लाव्हाच्या थरांचा. पाणी साठते ते वरच्या मुरमात, फटींत, सच्छिद्र थरांत. त्यामुळे ओढ्याकाठी कोठेही खणा, थोडेफार लागते आणि श्रेय नारळाला जाते. माळावर फट हुकली की नुसती धूळ. भूवैज्ञानिकही चुकतो, पण का चुकला, हे त्याला विचारता येते. पाणाड्याची बिदागी मात्र आधीच चुकती झालेली असते. कर्ज राहते शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर.

१९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी निराळाच प्रश्न धरला: पाणी गेले कोठे? येरळेची वाळू बेसुमार उपसली जात होती आणि विहिरी आटत होत्या. त्यांनी ‘मुक्ती संघर्ष’च्या झेंड्याखाली तो उपसा अडवला, थोडीच वाळू विकून पैसा उभा केला आणि बलवडी-तांदुळवाडीला श्रमदानाने बळीराजा धरण बांधले. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही ठरवला.