वाइनमधले विष आणि काळा साका

द्राक्षे नीट पिकली नाहीत की वाइन आंबट होते. ती गोड करण्याची एक युक्ती युरोपात दीर्घकाळ चालत आली होती : तिच्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, मिसळायचे. वाइनमधील आम्लांशी संयोग होऊन शिशाचे जे क्षार तयार होतात, ते चवीला गोड असतात. या गोडीची किंमत पिणाऱ्याला असह्य पोटशुळाने, हातापायांच्या लुळेपणाने आणि प्रसंगी प्राणांनी मोजावी लागे.

जर्मनीतील उल्म शहराचा वैद्य एबरहार्ट गोकेल याच्या ध्यानात १६९०च्या दशकात एक विलक्षण गोष्ट आली. मठांतील जे साधू वाइन पीत नव्हते, ते या आजारापासून मुक्त होते. गोस्लारचा वैद्य सामुएल श्टॉकहाउझन याने खाणकामगारांच्या अशाच व्याधीचा दोष मुर्दाडशिंगाच्या धुराला दिला होता. त्याचा १६५६चा ग्रंथ गोकेलला ठाऊक होता. या दोन गोष्टींची सांगड त्याने घातली. १६९६ साली व्युर्टेम्बर्गचा ड्यूक एबरहार्ट लुडविग याने ही भेसळ करणाऱ्यास मृत्युदंड फर्मावला.

येथून खरा प्रश्न सुरू होतो, असे आम्हांला वाटते. शिक्षा देहान्ताची असेल तर पुरावाही तितकाच निःसंशय हवा. अठराव्या शतकात रूढ झालेली 'व्युर्टेम्बर्ग परीक्षा' अशी : हरताळ आणि चुना पाण्यात उकळून केलेला अर्क वाइनमध्ये टाकायचा, काळा साका बसला की शिसे आहे असे समजायचे. परंतु चुन्यामुळे अल्कधर्मी बनलेला हा अर्क लोहाशीही काळा साका देतो, आणि लोह तर निर्भेळ वाइनमध्येही असू शकते. म्हणजे निरपराध व्यापारीही दोषी ठरण्याचा धोका होता.

हा दोष १७८८ साली दूर केला तो सामुएल हानेमान याने. होमिओपॅथीचा जनक म्हणून आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला हा गृहस्थ त्या काळी रसायनज्ञ म्हणून नाव कमावीत होता. त्याने हायड्रोजन सल्फाइडच्या द्रावणात आम्ल मिसळले. आम्लाच्या सान्निध्यात शिशाचा काळा साका बसतो, लोहाचा बसत नाही. उपाय इतका साधा, पण त्याने दोषी आणि निर्दोष यांतील सीमारेषा आखून दिली. पुढे ज्या हानेमानने औषध अणुमात्र करण्याचा आग्रह धरला, त्यानेच आधी अल्पमात्र विष शोधण्याची रीत घालून द्यावी, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.

आज उपकरणे एका लिटरमधील मायक्रोग्रॅम मोजतात. १९९४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शातोनफ-द्यु-पापच्या जुन्या बाटल्यांत पेट्रोलमधील शिशापासून आलेली संयुगे आढळली. तेथे कोणीही जाणूनबुजून भेसळ केलेली नव्हती. रस्त्यावरच्या मोटारींनी ती केली होती. गोकेलच्या काळी निदान दोषी माणसाचे नाव तरी सांगता येत असे.